बसचा जिना आणि रक्तातील चरबी



आजचा विषय वैद्यकातला आहे आणि वक्ता मात्र वैद्य नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. माझे शाळेतले शिक्षण दहावीला थांबले. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कामगार कचेरीतल्या फायलींनी आणि आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाने केले. तीस वर्षे मी ड्रायव्हर-कंडक्टरांच्या संघटनेचे काम करतो आहे. तेव्हा औषधाचा सल्ला मी कोणाला देणार नाही. तो ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी द्यायचा आहे. मला सांगायचा आहे तो इतिहास. रक्तातल्या कोलेस्टेरॉल नावाच्या पदार्थावर हृदयविकाराचा आरोप कसा आला, तो शाबीत व्हायला सत्तर-ऐंशी वर्षे का लागली, आणि त्या चौकशीत बसवाल्यांनी, रेल्वेवाल्यांनी व लाकूडतोड्यांनी कोणती साक्ष दिली, हा तो इतिहास आहे.

या इतिहासाकडे मी वळलो त्याचे कारण आधी सांगतो, कारण त्यात माझी एक चूक आहे.

२००९ साली आमच्या वेतनकराराच्या वाटाघाटी चालू होत्या. व्यवस्थापनाने एक कलम पुढे ठेवले, की चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक ड्रायव्हरचे रक्त दरवर्षी तपासावे. आम्ही ते फेटाळून लावले. पुढाकार माझाच होता. या तपासणीच्या आडून अनुभवी, म्हणजे जास्त पगाराच्या माणसांना 'अपात्र' ठरवून गाडीवरून उतरवतील, अशी आमची शंका होती. आणि पूर्वानुभव पाहता ती अगदीच निराधार नव्हती. द्वारसभेत मी सांगितले, "रक्ताचा कागद कोणी मागितला तर दाखवू नका. घाम गाळणाऱ्याला हा रोग होत नाही. हा खाऊन-पिऊन बसणाऱ्यांचा रोग आहे." टाळ्या पडल्या.

तीन वर्षांनी आमचे एक ड्रायव्हर रात्रपाळी संपवून घरी गेले आणि पहाटे छातीत कळ येऊन वारले. वय अठ्ठेचाळीस. सारा डेपो त्यांना मामा म्हणे. दिवस झाल्यावर मी घरी गेलो, तेव्हा मामींनी कामाच्या डायरीत घडी घालून ठेवलेला एक कागद माझ्या हातात दिला. मामांनी एका मोफत शिबिरात रक्त तपासून घेतले होते. एल.डी.एल. या अक्षरांपुढे १९२ हा आकडा होता आणि त्याच्याखाली निळ्या शाईची रेघ. मामी म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच सांगितलं होतं ना, कागद कोणाला दाखवू नका म्हणून?"

उपचार झाले असते तर मामा वाचलेच असते, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण तो कागद त्यांनी कोणाच्या शब्दावरून लपवला, हे मला ठाऊक आहे. त्या दिवसापासून मी वाचायला लागलो.

आता मूळ विषय. पित्ताशयातल्या खड्यांत मेणासारखा एक पांढरा पदार्थ असतो, हे अठराव्या शतकात फ्रान्समध्ये प्रथम लक्षात आले. १८१५ च्या सुमारास शेव्ह्रल या फ्रेंच रसायनज्ञाने तो नीट वेगळा ओळखून त्याचे बारसे केले. ग्रीक भाषेतल्या 'पित्त' आणि 'घन' या दोन शब्दांपासून ते नाव बनले. हा शेव्ह्रल म्हणजे साबण आणि मेणबत्त्यांच्या चरबीचा अभ्यास करणारा माणूस. तो एकशेदोन वर्षे जगला. त्या काळी या पदार्थावर कसलाही आरोप नव्हता, आणि एका अर्थी तो आजही नाही. शरीरातल्या प्रत्येक पेशीचे आवरण, पचनाला लागणारे पित्तरस आणि कित्येक संप्रेरके त्याच्यावाचून होत नाहीत. आपले यकृत तो स्वतःच तयार करते. आरोप आहे तो प्रमाणाबाहेर साठण्याचा.

पहिला पुरावा १९१० साली आला. जर्मन रसायनज्ञ विंडाउस याने रोगट झालेल्या महारोहिणीच्या भिंती तपासल्या, तेव्हा निरोगी भिंतींच्या मानाने त्यांत वीसपटींहून अधिक कोलेस्टेरॉल निघाले. पण घटनास्थळी सापडला एवढ्यावरून कोणी गुन्हेगार ठरत नाही. ती कसर १९१३ साली सेंट पीटर्सबर्गच्या अनिच्कॉव्ह या तरुण संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्याने भरून काढली. सूर्यफुलाच्या तेलात शुद्ध कोलेस्टेरॉल विरघळवून त्यांनी ते सशांना खाऊ घातले. काही आठवड्यांत सशांच्या रोहिण्या माणसाच्या रोगट रोहिण्यांसारख्या दिसू लागल्या.

एवढ्यावर प्रकरण निकालात निघावे, असे आपल्याला वाटेल. पण इतरांनी हाच प्रयोग उंदरांवर आणि कुत्र्यांवर केला, आणि त्यांना काहीच झाले नाही. मग विद्वान म्हणाले, ससा गवत खाणारा प्राणी, त्याच्या साक्षीवर माणसाला दोषी कसे धरायचे? रोहिण्या कठीण होणे हा म्हातारपणाचा धर्मच आहे, असे मानून पुढची तीस-पस्तीस वर्षे हे प्रकरण बासनात पडले. उंदीर आणि कुत्रा आपल्या रक्तातले कोलेस्टेरॉल फार सहज काढून टाकतात, ससा टाकू शकत नाही, आणि या बाबतीत माणूस सशाच्या जवळचा आहे, हे पुढे कळले.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. ऐन उमेदीतली माणसे छातीच्या कळेने पटापट जाऊ लागली. १९४८ साली अमेरिकेत बोस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम या गावी एक निराळेच काम सुरू झाले. त्या गावातली ५,२०९ सर्वसाधारण, धडधाकट स्त्री-पुरुष माणसे घेऊन दर दोन वर्षांनी त्यांचे रक्त, रक्तदाब, वजन आणि सवयी नोंदवायच्या, आणि कोणाला काय होते ते वर्षानुवर्षे पाहत राहायचे. १९६१ साली त्यांनी निष्कर्ष मांडला, की रक्तात कोलेस्टेरॉल जास्त आणि रक्तदाब जास्त असलेल्यांना हृदयविकार अधिक होतो. 'धोक्याचे घटक' ही आज डॉक्टरांच्या तोंडी असलेली कल्पना तिथूनच रूढ झाली. मला त्या गावाचे कौतुक वाटते. तिथल्या सामान्य माणसांनी आपला कागद लपवला नाही. तो जगापुढे ठेवला.

त्याच सुमारास लंडनमध्ये आमच्या जातभाईंची पाळी आली. जेरी मॉरिस हे तिथले डॉक्टर ग्लासगोच्या गरीब वस्तीत वाढलेले होते. लंडनच्या दुमजली बसवर एकाच गाडीत, एकाच हवेत, जवळपास सारख्या पगारावर काम करणारे दोन इसम असतात. त्यांतला ड्रायव्हर पाळीचा बहुतेक वेळ बसून असतो, आणि कंडक्टर दिवसाकाठी पाचशे-सहाशे पायऱ्या चढतो-उतरतो. मॉरिस यांनी सुमारे ३१,००० वाहतूक कामगारांच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. हजार ड्रायव्हरांमागे वर्षाला २.७ जणांना हृदयविकार होई, तर कंडक्टरांत तो १.९ जणांनाच होई; आणि झटक्यानंतर पहिल्या तीन दिवसांत दगावण्याचे प्रमाण कंडक्टरांत निम्मे होते.

हे मी प्रथम वाचले तेव्हा वाचनालयातल्या खुर्चीवरून उठून उभा राहिलो. माझ्या द्वारसभेतल्या वाक्यातले अर्धे खरे आणि अर्धे खोटे एकदमच समोर आले होते. हालचाल करणाऱ्याला संरक्षण मिळते, हे खरे. पण ज्याला मी 'घाम गाळणारा' म्हणत होतो तो ड्रायव्हर घामाघूम झाला तरी बसूनच असतो. इंजिनाच्या उष्म्याने आलेला घाम आणि पायांच्या श्रमाने आलेला घाम यांचा हिशेब शरीर वेगळा ठेवते.

मॉरिस प्रामाणिक माणूस. आपल्याच निष्कर्षातले वैगुण्य त्यांनी स्वतः शोधले. १९५६ साली त्यांनी गणवेश खात्याची नोंद काढली. तिच्यात ड्रायव्हरांच्या पाटलोणी कंबरेला कंडक्टरांपेक्षा मोठ्या मापाच्या निघाल्या, आणि हा फरक नोकरीत नव्याने लागलेल्यांतही होता. म्हणजे सारा दोष खुर्चीचा नव्हता. काही फरक माणूस घरूनच घेऊन येत होता. पुढे त्यांनी याच बसवाल्यांचे रक्त तपासले, आणि १९६६ च्या अहवालात रक्तातले कोलेस्टेरॉल व रक्तदाब यांनाच पुढच्या धोक्याचे ठळक निदर्शक ठरवले. आपल्या म्हणण्याविरुद्ध जाणारा कागदही आपणच सभेपुढे ठेवणे, हे आम्हा पुढाऱ्यांना क्वचितच जमते.

मग श्रम केले म्हणजे माणूस सुटला का? याचे उत्तर फिनलंडने दिले. १९५८ पासून अँसेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने सात देशांतल्या सुमारे १२,७०० पुरुषांची पाहणी झाली. तिच्यात अमेरिकेचे आणि रोमचे रेल्वे कामगार होते, ग्रीसच्या क्रीट बेटावरचे शेतकरी होते, आणि पूर्व फिनलंडचे शेतकरी व लाकूडतोडेही होते. त्या फिनिश गड्यांइतके अंगमेहनतीचे काम क्वचितच कोणी करीत असेल. तरीही हृदयविकाराचे मरण सर्वांत जास्त त्यांच्यातच निघाले. त्यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल सर्वांहून चढे होते. पावावर लोण्याचा जाड थर, दुधात साय, आणि भाजी जवळजवळ नाहीच, असा त्यांचा आहार. उलट क्रीटचा शेतकरी तेल भरपूर खाई, पण ते ऑलिव्हचे. तो सर्वांत सुखरूप होता. मुद्दा चरबी किती एवढाच नाही, कोणती हाही आहे. घाम गाळणाऱ्याला हा रोग होत नाही, या माझ्या सिद्धांताचे उरलेसुरले प्रेत पूर्व फिनलंडच्या बर्फात गाडले गेले.

पण त्या लोकांनी पुढे जे केले ते आपण मनावर कोरून ठेवण्यासारखे आहे. १९७१ च्या जानेवारीत उत्तर कारेलिया प्रांतातल्या लोकांनी सरकारकडे रीतसर निवेदन नेले, की आमची तरणीताठी माणसे मरताहेत, काहीतरी करा. १९७२ साली पेक्का पुस्का या पंचविशीतल्या डॉक्टरच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. बायकांच्या संघटनांनी गावोगाव स्वयंपाकाचे मेळावे भरवले. दूधदुभत्यावर जगणाऱ्या शेतकऱ्यांना बोरवर्गीय फळांची लागवड दाखवली गेली. सॉसेज करणाऱ्यांना त्यातली चरबी कमी करायला राजी केले. बिडी-सिगारेटविरुद्ध मोहीम झाली, रक्तदाब तपासले गेले. चाळीस वर्षांत त्या प्रांतातल्या कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू चार-पंचमांशांहून अधिक घटले. यातला मोठा वाटा रक्तातले कोलेस्टेरॉल खाली आल्याचा आहे. एकेकट्याला उपदेश करून हे झाले नसते. बाजारात, कँटीनमध्ये आणि स्वयंपाकघरात एकदम पालट झाला, म्हणून झाले.

आपल्याकडची साक्ष थोडी गुंतागुंतीची आहे. रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतले डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी भारतीय रेल्वेच्या कामगारांमधल्या हृदयविकाराचा अभ्यास १९६७ साली प्रसिद्ध केला. दक्षिणेत या रोगाचे मृत्यू उत्तरेच्या सुमारे सातपट आढळले, आणि गंमत अशी, की दूधतूप अधिक खाणारे उत्तरेचेच होते. यावरून तूप खुशाल ओरपा असा अर्थ काढायचा नाही. मात्र एकाच कारणावर सारा भार टाकू नये, एवढे यातून नक्की शिकावे. २००४ साली बावन्न देशांत झालेल्या मोठ्या पाहणीत धूम्रपान, रक्तातल्या चरबीचा बिघाड, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, ताण, फळभाज्यांचा अभाव आणि बैठेपणा हे सारेच आरोपी म्हणून उभे राहिले. त्या पाहणीत दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी आलेला दिसतो. इतरांना एकोणसाठीच्या आसपास. ही सहा वर्षे म्हणजे आपल्या घरातले एखादे लग्न, एखादे शिक्षण, घरकर्जाचे शेवटचे हप्ते.

वनस्पती तुपाचीही नोंद घ्यायला हवी. पातळ तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करण्याची युक्ती विसाव्या शतकाच्या आरंभी निघाली. १९३७ साली आपल्याकडे 'डालडा' आला, आणि गरिबाच्या लाडवाला तुपाचे रूप मिळाले. या प्रक्रियेत जी 'ट्रान्स' जातीची चरबी तयार होते ती वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगले घटवते, हे १९९० साली डच संशोधकांनी दाखवून दिले. आपल्या सरकारने या चरबीवर दोन टक्क्यांची मर्यादा जानेवारी २०२२ पासून लागू केली. मधली ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे ती कोणी खाल्ली? सणाला शुद्ध तूप ज्याला परवडत नव्हते त्याने. 'श्रीमंतांचा रोग' म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा करून पाहावा.

आता हा पदार्थ शरीरात कसा वागतो ते आमच्या डेपोच्या भाषेत सांगतो. कोलेस्टेरॉल रक्तात सुटे फिरत नाही. ते गाड्यांत बसून फिरते. एल.डी.एल. ही ते गावभर पोचवणारी गाडी. काम झाले की तिने यकृताच्या डेपोत परत यायचे. डेपोची फाटके उघडी असतील तर गाड्या आत येतात. फाटके कमी असतील तर त्या रस्त्यावरच उभ्या राहतात आणि रोहिणीच्या भिंतीत घुसून तिथे माल टाकतात. ही फाटके ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोघा अमेरिकनांनी १९७३-७४ च्या सुमारास शोधली. १९८५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दर अडीचशे-तीनशे माणसांत एखादा असा असतो, की त्याची निम्मी फाटके जन्मतःच नादुरुस्त असतात. तो कितीही सात्त्विक जेवला तरी आकडा चढाच राहतो, आणि हा दोष मुलांत उतरण्याची शक्यता निम्मी असते. लोणी, साय, वनस्पती अशी घट्ट चरबी फार खाल्ली की इतरांचीही फाटके कमी होतात.

औषधाची कथा जपानची आहे. अकिता प्रांतातल्या शेतकरी घरातला अकिरा एंडो हा संशोधक तोक्योच्या एका औषध कंपनीत बुरशीवर काम करीत होता. सुमारे सहा हजार प्रकारचे सूक्ष्मजीव त्याने तपासले, आणि १९७३ साली तांदळावरच्या एका बुरशीत यकृताची कोलेस्टेरॉल-निर्मिती आवरणारा पदार्थ त्याला सापडला. पण पुन्हा उंदीर आडवा आला! उंदरांवर औषधाचा परिणाम दिसेना, आणि काम बंद पडायची वेळ आली. मग अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर प्रयोग केला, आणि कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आले. याच जातीचे पहिले औषध १९८७ साली अमेरिकेत विक्रीला आले. यकृताची स्वतःची निर्मिती घटली, की ते रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घ्यायला जादा फाटके उघडते, अशी या 'स्टॅटिन' गोळ्यांची करामत आहे.

शेवटचा निकाल १९९४ साली लागला. स्कँडिनेव्हियात ४,४४४ हृदयरुग्णांना पाच वर्षांहून अधिक काळ, निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना खोटी, अशी दिली गेली. खोटी गोळी घेणाऱ्यांत २५६ जण दगावले. खरी घेणाऱ्यांत १८२. आकडा उतरवला की माणूस जगतो, हे शाबीत झाले. अनिच्कॉव्हच्या सशापासून तिथवर एक्याऐंशी वर्षे लागली. एंडो २०२४ साली, नव्वदीत वारला.

या इतिहासातून आपण काय घ्यायचे?

वाढलेले कोलेस्टेरॉल दुखत नाही, खुपत नाही. ते फक्त कागदावर दिसते. म्हणून कागद काढायला हवा, आणि घरात कोणी कमी वयात हृदयविकाराने गेले असेल तर तरुणपणीच काढायला हवा. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली घालून दिलेल्या मर्यादांप्रमाणे सर्वसाधारण माणसाचे एल.डी.एल. शंभराच्या आत असावे, मधुमेहासारखा धोका असलेल्याचे सत्तरच्या आत, आणि झटका येऊन गेलेल्याचे पंचावन्नच्या आत. प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेली मर्यादा सर्वांना सारखी असते. माणसामाणसाचा धोका सारखा नसतो. तो डॉक्टरांकडून समजून घ्यावा.

वनस्पती, साय, पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातले तळण आणि बेकरीची खारी यांवर हात आखडावा. डाळ-उसळ, भाजी, फळ, शेंगदाणे यांना ताट मोकळे करावे. रोज अर्धा तास भरभर चालावे. तंबाखू, मग ती बिडीत असो वा तळहातावर, सोडावी. आणि डॉक्टरांनी गोळी दिली तर आकडा उतरला म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नये. आकडा उतरला आहे तो गोळीमुळे; ब्रेक लागला म्हणून ब्रेक काढून ठेवत नाहीत. अंग फार दुखू लागले तर डॉक्टरांना सांगावे, ते मात्रा किंवा गोळी बदलतात. ही औषधे आता महाग राहिलेली नाहीत. जनऔषधी केंद्रांत ती थोड्या पैशांत मिळतात.

मामांचा कागद मी एका डॉक्टरांना दाखवला होता. १९० च्या वरचा आकडा पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मुले किती?" थोरल्याचे रक्त तपासले, तर एकविसाव्या वर्षी त्याचाही आकडा चढलेला निघाला. आज तो रोज गोळी घेतो आणि डेपोच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. धाकटीचा कागद स्वच्छ आला.

२०१४ च्या करारात तपासणीचे कलम पुन्हा आले. या वेळी ते आम्ही मांडले, पण आमच्या शब्दांत. कागद बंद पाकिटात कामगाराच्याच हाती द्यायचा. केवळ कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरून कोणालाही गाडीवरून उतरवायचे नाही. उपचाराचा खर्च मालकाने सोसायचा. आणि कँटीनमधून वनस्पती हद्दपार करायची. शेवटच्या कलमावरच सर्वांत जास्त आरडाओरडा झाला, आणि तो आमच्याच सभासदांनी केला. वड्याची चव गेली म्हणत होते. दोन महिन्यांनी विसरले.

२००९ साली मालकाचा हेतू स्वच्छ होता की नव्हता, हा वाद मी आजही घालू शकेन. पण मालकाचा हेतू वाईट असला म्हणून रक्तातला आकडा खोटा ठरत नाही. तेव्हा मी कलम फेटाळायला नको होते, बदलून घ्यायला हवे होते. एवढे कळायला मला पाच वर्षे आणि एक माणूस लागला. आपल्यापैकी कोणाच्या डायरीत असा एखादा घडी घातलेला कागद असेल, तर आज घरी गेल्यावर तो उघडावा, आणि उद्या सकाळी घेऊन जावा.